‘थांब’ कोण म्हणणार?

मोडेम हळू चालतो अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा : कशाच्या मानाने हळू? जोडणी लागताना पडद्यावर २८,८०० असा आकडा येतो. फाईल उतरायला लागल्यावर त्याच पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला तीन ‘के’ एवढंच दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की बाकीचा वेग वाटेत कुठेतरी गळाला. प्रत्यक्षात काहीच गळालेलं नसतं. पहिला आकडा बिटांचा, दुसरा बाइटांचा. सिरियल पोर्टवरून जाणाऱ्या प्रत्येक बाइटच्या पुढे एक आणि मागे एक असा जादा बिट लागतो, म्हणजे बाइटमागे दहा बिट. २८,८०० ला दहाने भागलं की २,८८० उरतात. दोन्ही टोकांच्या मोडेमांत व्ही.४२ ही चूकदुरुस्ती चालू असेल तर टेलिफोनच्या तारेवर ते जादा बिट गाळले जातात आणि सेकंदाला ३,३०० बाइटांच्या आसपास मजल जाते. एक मेगाबाइटची झिप फाईल पाच-सहा मिनिटांत उतरत असेल तर तो मोडेम ठणठणीत आहे. त्याला हात लावू नये.

हे पुस्तक ठणठणीत मोडेमांसाठी नाही. जिथे तीच फाईल वीस मिनिटं घेते, मध्येच गोठते, उतरवताना नीट उतरते पण चढवताना तुटते, किंवा पहिले काही सेकंद धावते आणि मग रांगायला लागते, अशा जोडण्यांसाठी ते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की या सगळ्यात टेलिफोनच्या तारेला तिच्या अपराधापेक्षा फार जास्त शिव्या बसल्या. बराचसा घोटाळा गल्लीतल्या तारेत नसतो. तो टेबलावरच्या हातभर केबलमध्ये, संगणक आणि मोडेम यांच्या दरम्यान असतो. एक यंत्र ‘थांब’ म्हणतं आणि दुसऱ्याला ते ऐकू जात नाही.

सुरुवातीला असं ‘थांब’ म्हणायची वेळच येत नव्हती. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांचा स्मार्टमोडेम १९८१ साली आला. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा त्यानेच रूढ केल्या. त्याचा वेग होता सेकंदाला ३०० बिट. तारेवर ३००, आणि संगणकाकडून मोडेमकडे येणारा वेगही ३००. जेवढं आत येई तेवढंच बाहेर जाई, साठवायचं काही नव्हतं. पुढे दोन सोयी आल्या आणि हा सरळ हिशेब मोडला. पहिली सोय चूकदुरुस्तीची. आधी मायक्रोकॉम कंपनीची एमएनपी पद्धत आणि मग व्ही.४२ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण. तारेवर खराब झालेला तुकडा पुन्हा पाठवायचा, तर पोच येईपर्यंत तो मोडेमने जपून ठेवायला हवा. म्हणजे मोडेमला स्वतःची साठवण लागली, आणि पुन्हा पाठवण्यात वेळ गेला की ती तुंबायला लागली. दुसरी सोय १९९० च्या व्ही.४२बिस प्रमाणाची. यात मोडेमच मजकूर दाबून लहान करतो, परिस्थिती अनुकूल असेल तर एक-चतुर्थांश. तारेवर २८,८०० असताना मोडेमला पोटभर काम द्यायचं तर संगणकाने त्याला चौपट वेगाने, म्हणजे १,१५,२०० ने पुरवठा करायला हवा. म्हणून पोर्टचा वेग मुद्दाम चढा ठेवायचा, असा सल्ला तेव्हा सगळीकडे दिला जाई आणि तो बरोबरच होता.

मात्र त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग बऱ्याचदा सांगायचा राहून जाई. दाबण्याजोगा मजकूर संपला, झिप किंवा जेपेग फाईल सुरू झाली, की चौपटीचा फायदा शून्यावर येतो. संगणक मात्र १,१५,२०० नेच ओतत राहतो. रॉकेलच्या डब्यातून नरसाळ्याने बाटली भरताना हात आवरला नाही तर जे होतं तेच इथे होतं, फरक एवढाच की इथे सांडलेलं दिसत नाही. मोडेमची साठवण भरते आणि पुढचे बाइट गुपचूप नाहीसे होतात. व्ही.४२ ची चूकदुरुस्ती इथे काही करू शकत नाही, कारण तिची राखण एका मोडेमपासून दुसऱ्या मोडेमपर्यंत. बाइट तिच्या हाती पडण्याआधीच गेलेला असतो. हरवलेला तुकडा शेवटी दूरच्या संगणकाच्या लक्षात येतो, तो पुन्हा मागतो, पुन्हा वाट पाहिली जाते. इंटरनेटच्या टीसीपी पद्धतीत तर पोच आली नाही की पाठवणारा संगणक स्वतःहून हात आखडता घेतो. बिघाड असतो माहिती हरवण्याचा, पण वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त संथपणा. हे एक वाक्य ज्याला पटलं त्याला पुढची निम्मी प्रकरणं सोपी जातील.

‘थांब’ म्हणायच्या या व्यवस्थेला फ्लो कंट्रोल म्हणतात. तिच्या रीती दोन. जुनी रीत टेलिटाइपच्या काळातली. मॉडेल ३३ हा टेलिटाइप १९६३ सालचा, त्याला कागदी पट्टी वाचणारं यंत्र जोडलेलं असे. आस्कीतल्या १७ क्रमांकाच्या चिन्हाने पट्टी सुरू व्हायची, १९ क्रमांकाच्या चिन्हाने थांबायची. हीच दोन चिन्हं पुढे एक्स-ऑन आणि एक्स-ऑफ म्हणून नांदली. कीबोर्डवर ती कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणारं स्वस्त खातं म्हणजे काळ्या पडद्यावरचं, नुसत्या अक्षरांचं शेल अकाउंट. त्यात ‘सेव्ह’ करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं की पडदा गोठायचा, आणि लाइन गेली असं समजून फोन कापून पुन्हा नंबर फिरवला जायचा. पल्सचे पैसे वेगळे. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर पडदा लगेच हलला असता.

या रीतीची गोम अशी की ‘थांब’ हा निरोप मजकुराच्याच रस्त्याने जातो. साध्या इंग्रजी मजकुरात १९ क्रमांकाचं चिन्ह येत नाही, त्यामुळे तिथे निभतं. झिप फाईलमध्ये शून्य ते २५५ यांतली कोणतीही किंमत येऊ शकते, म्हणजे सरासरी दर २५६ बाइटांत एकदा १९ येणार. पोर्ट सांभाळणारा ड्रायव्हर त्याला निरोप समजून गिळतो आणि पाठवणं थांबवतो. फाईलमधला एक बाइट गेला तो गेलाच, वर दूरचा संगणक ज्या पोचेची वाट पाहतोय ती पोचही अडकते. काही पद्धतींनी यावर तोड काढली होती. चक फोर्सबर्ग यांच्या १९८६ च्या झेडमोडेम या फाईल पाठवायच्या पद्धतीत ही चिन्हं वेष बदलून पाठवली जातात. मोडेमवरून इंटरनेट जोडणाऱ्या पीपीपीमध्ये कोणती चिन्हं बदलायची याचा तक्ताच दोन्ही टोकं आपसांत ठरवून घेतात. पीपीपीच्या आधीच्या स्लिपमध्ये अशी सोय नाही, त्यामुळे स्लिप आणि एक्स-ऑफ एकत्र नांदूच शकत नाहीत. कोलंबिया विद्यापीठातला केर्मिट तर सगळीच नियंत्रक चिन्हं बदलून पाठवतो. तो संथ म्हणून बदनाम झाला, पण जिथे बाकीचे आडवे होत तिथून तो फाईल आणून दाखवी. मला केर्मिटबद्दल आदर आहे.

दुसरी रीत वेगळ्या तारांची, म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल. आरटीएस आणि सीटीएस या दोन तारा, नऊ पिनांच्या जोडणीत सात आणि आठ नंबरच्या, पंचवीस पिनांच्या जोडणीत चार आणि पाचच्या. मोडेमचं पोट भरत आलं की तो सीटीएस खाली सोडतो, संगणक थांबतो. संगणकाला सवड नसली की तो आरटीएस खाली सोडतो, मोडेम थांबतो. मजकुराच्या रस्त्यावर काहीच येत नाही. मोडेमसाठी हीच रीत योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती चालायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : मोडेमची आज्ञा, संगणकातली सेटिंग आणि मधली केबल. केबलकडे कोणी बघत नाही. माऊसच्या खोक्यातून आलेला नऊ-पंचवीसचा जोड किंवा कोणीतरी बाजारात सोल्डर करून दिलेली तीन तारांची केबल असेल, तर आरटीएस-सीटीएस तिच्यात नसतातच. सीटीएसची तार नसली तर निदान संगणक पाठवायला नकार देतो आणि दोष उघड होतो. त्याहून वाईट म्हणजे संगणकाच्या टोकाला आरटीएस आणि सीटीएस एकमेकांना जोडून टाकलेली केबल. संगणक स्वतःच विचारतो, स्वतःच होकार देतो, आणि सगळं सुरळीत आहे असं समजून ओतत राहतो.

दिशेवरूनही बरंच कळतं. चढवताना त्रास आणि उतरवताना नाही, तर मोडेमचं ‘थांब’ संगणकापर्यंत पोचत नाही. उलट असेल तर संगणकाच्या बाजूचं बघायचं. आणखी एक फसवी खूण आहे. एक्समोडेमने फाईल नीट जाते आणि झेडमोडेमने चुकांवर चुका येतात, तेव्हा लोक झेडमोडेमला नावं ठेवून एक्समोडेमकडे परत जात. वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला एक्समोडेम १२८ बाइट पाठवतो आणि पोच येईपर्यंत गप्प बसतो. तेवढं कोणत्याही मोडेमच्या पोटात मावतं, म्हणून फ्लो कंट्रोल बंद असलं तरी त्याचं अडत नाही. झेडमोडेम न थांबता पाठवतो, म्हणून तो मोडलेलं फ्लो कंट्रोल उघडं पाडतो. तक्रार खरं तर त्याने नोंदवलेली असते.

आज्ञांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. हातभर लांबीच्या ‘इनिशियलायझेशन स्ट्रिंग’ चिठ्ठीवर उतरवून मित्रामित्रांत फिरत. त्यातला निम्मा भाग अंधश्रद्धा होता असं माझं मत आहे. &-च्या आज्ञांचा अर्थ चिपगणिक बदलतो. रॉकवेलच्या चिपवर &के३ म्हणजे आरटीएस-सीटीएस. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर त्याच कामाला &एच१ आणि &आर२, आणि &के तिथे भलत्याच, म्हणजे मजकूर दाबण्याच्या कामाची. ‘काही सुचत नसेल तर एटी&एफ देऊन मूळ स्थितीला न्या’ हा सल्ला रॉकवेलवर उपकारक, कारण तिथे मूळ स्थितीतच हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू असतं. यूएस रोबोटिक्सच्या स्पोर्टस्टर किंवा कुरियरवर नुसतं &एफ म्हणजे &एफ०, आणि त्या स्थितीत फ्लो कंट्रोल बंद. तिथे &एफ१ द्यायला हवं. एका अंकाचा फरक, आणि त्यापायी चांगले मोडेम दुरुस्तीला आलेले मी पाहिले आहेत.

आता अशी जागा, जिथे फ्लो कंट्रोल निर्दोष असूनही बाइट हरवतात. संगणकाच्या सिरियल पोर्टमागे यूएआरटी नावाची चिप असते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत ८२५० होती, नंतर १६४५० आली. या दोघींकडे आलेला एकच बाइट ठेवायला जागा. १,१५,२०० च्या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट दाराशी येतो. तेवढ्या वेळात प्रोसेसरने हातातलं काम टाकून तो उचलला नाही तर पुढचा बाइट त्याच्यावर चढून बसतो. विंडोज ३.१ हार्ड डिस्कवर काही लिहीत असेल तर प्रोसेसरला तेवढी फुरसत कुठली. आरटीएस इथे वाचवत नाही, कारण ती तार खाली सोडायचं काम ड्रायव्हरचं, आणि ड्रायव्हर तर अजून दाराशी आलेलाच नाही. उपाय होता १६५५०ए ही चिप. तिच्यात सोळा बाइटांची रांग आहे. (तिच्याआधीच्या १६५५० मध्येही रांग होती, पण ती सदोष.) डॉसमधला एमएसडी हा प्रोग्राम चालवला की पोर्टमागे कोणती चिप आहे ते समजे. जुनी चिप निघाली आणि नवीन कार्डाला पैसे नसले तर पोर्टचा वेग १९,२०० वर आणावा. वेग कमी केल्यावर फाईल लवकर पोचते, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड.

तारेचा दोष असतोच कधीकधी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो जास्त असतो. टेलिफोनच्या डीपीत पाणी शिरलं, जोडावर हिरवट गंज चढला की खरखर येते. व्ही.३४ या प्रमाणाचे मोडेम अशा वेळी २,४०० च्या पायऱ्यांनी खाली उतरतात, मध्येच बोलणं थांबवून पुन्हा सूर जुळवतात, आणि त्या काही सेकंदांत फाईल गोठलेली दिसते. रिसीव्हर उचलून एक आकडा फिरवावा, डायलटोन जाते, मग कान देऊन ऐकावं. शांतता हवी. खरखर असेल तर आधी घरातले पॅरलल फोन काढून पाहावेत आणि मगच लाइनमनला बोलवावं. ५६ के मोडेम घेऊनही ३३,६०० च्या वर न जाण्याचं कारण मात्र खरखर असेलच असं नाही. १९९८ चं व्ही.९० प्रमाण एकाच अटीवर चालतं : तुमच्या घरापासून सेवा देणाऱ्यापर्यंतच्या वाटेत आवाजाचं अंकांत किंवा अंकांचं आवाजात रूपांतर एकदाच झालेलं असावं. मध्ये जुनं एक्सचेंज किंवा एका जोडीवर दोन कनेक्शन चालवणारी पेटी असली तर ती अट मोडते, आणि मग कोणतीही आज्ञा उपयोगाची नाही. शिवाय व्ही.९० मध्ये चढवण्याचा वेग ३३,६०० च्या वर जातच नाही. अमेरिकेत उतरवण्याचा वेगही सिग्नलच्या ताकदीवरच्या सरकारी मर्यादेमुळे ५३,३०० च्या आसपास अडे. ‘५६’ हा आकडा खोक्यावरच राहिला.

पाकिटाची लांबी, शीर्षकं दाबून लहान करणं वगैरे टीसीपीच्या बाजूचे उपाय शेवटच्या प्रकरणात आहेत. ते बारीकसारीक आहेत. वरचं सगळं नीट झाल्यावर त्यांकडे वळावं.

हे सगळं आता कशाला, असं विचारणारे भेटतील. अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. पण फ्लो कंट्रोल मोडेमबरोबर गेलं नाही. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फानुक कंट्रोल असलेली जुनी सीएनसी मशीन पाहा. मशीनची मेमरी लहान, साच्याचा प्रोग्राम मोठा, म्हणून संगणकावरून आरएस-२३२ केबलने तो थोडा थोडा पाजत राहावा लागतो. आणि तिथे ‘थांब’ म्हणायची रीत तीच, टेलिटाइपची : १७ आणि १९. मशीनने थांब म्हटल्यावर दहा अक्षरांहून जास्त आली तर ०८७ क्रमांकाचा अलार्म येतो आणि काम थांबतं. ऑपरेटर केबल बदलतो, पोर्ट बदलतो. गुन्हेगार बहुतेक वेळा संगणकातली १६५५०ए असते. ड्रायव्हरने थांब ऐकलेलं असतं, पण चिपच्या रांगेत सोळा बाइट आधीच भरलेले असतात आणि ते निघून जातात. इथे ती रांग बंद करावी लागते. ज्या चिपने मोडेम वाचवला तीच मशीनला अडवते, आणि दोन्हीचं कारण एकच. जीपीएस आणि फोर-जीच्या छोट्या मॉड्यूलवर काम करणाऱ्या मुलांनाही हे उपयोगी पडेल. फोर-जी मॉड्यूल तर अजून ‘एटी’च्याच आज्ञा ऐकतात, आणि सीटीएसची तार सोडून दिल्यामुळे हरवलेल्या बाइटांचं खापर मोबाइल कंपनीच्या टॉवरवर फोडलं जातं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. ज्याचा दोष दिशेवरून कळतो त्याने तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मात्र मोजताना झिप फाईलच वापरा, एका वेळी एकच दिशा तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबलचं प्रकरण कंटाळवाणं आहे, तरी ते वगळू नका. आणि एक विनंती. जुन्या मोडेमांची छापील मॅन्युअल ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. &-च्या आज्ञांचे तक्ते त्यांतच आहेत, आणि ते छापणाऱ्या कंपन्यांपैकी खुद्द हेज १९९९ मध्येच मोडीत निघाली.